तेलातलं चाक

चित्राला झटके लागतात.
खिडकीपाशी फीत थांबते, उडी मारते, पुन्हा थांबते,
सेकंदाला चोवीस वेळा,
म्हणून पडद्यावरचा घोडा घोड्यासारखा पळतो.
तीच फीत वीस चौकटी खाली
आवाजाच्या ड्रमवरून जाते,
तेव्हा वर तिला कुणी हिसडे दिले होते
हे चालीवरून कळता कामा नये.
अण्णा सांगायचे:
घरातून भांडून निघालेली बाई
मंडईत पोचेपर्यंत पदर सारखा करते
आणि भेंडीचा भाव विचारते ना,
तसं.

रास्ता पेठेत आमचा लेथ. पाटी नव्हती.
आजोबा तांब्यावर मठाराचे ठोके मारत गेले,
अण्णांनी ठोके सोडले, फिरणं धरलं.

अडुसष्ट साली कॅम्पातल्या टॉकीजचे
ऑपरेटर इब्राहिम मणियार
सायकल भिंतीला टेकवून म्हणाले,
"करडेमिस्त्री, सूर लांबला
की पाण्यातल्या काठीसारखा वाकडा दिसतो.
शेठ म्हणतात प्रिंट खराब.
प्रिंट कालची आहे."

सकाळी नऊ. रिकाम्या खुर्च्या.
मला गाणं येत नव्हतं,
पण सूर हलला की दाढा शिवशिवायच्या,
म्हणून मला तिसऱ्या रांगेत बसवलं:
"हलला की बॅटरी दाखव."
अण्णा वर केबिनमध्ये,
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्रावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले.
एका रिळात मी एकोणीसदा बॅटरी दाखवली.

फ्लायव्हील टॉवेलात गुंडाळून कॅरिअरला बांधलं.
वाटेत इराण्याकडे चहा,
आणि दोन अंडी, एक उकडलेलं, एक कच्चं.
पोऱ्या दोनदा विचारून गेला.
संगमरवरावर अण्णांनी दोन्ही फिरवली,
बोटानं क्षणभर थांबवली, बोटं उचलली.
उकडलेलं गप्प पडून राहिलं.
कच्चं पुन्हा हळूहळू फिरू लागलं.
"आतलं थांबलेलं नाही," अण्णा म्हणाले.
"नुसतं जड असून भागत नाही गं,
जड माणूस एकदा डोलला की डोलतच बसतो.
आतलं वजन सुटं हवं, तेलात हवं,
बाहेरच्याला लगेच हो म्हणणारं नको."
उकडलेलं मी खाल्लं.

चाक उघडलं तर आत ग्रीस,
कुणा शहाण्यानं दाबून भरलेलं.
रॉकेलनं धुतलं. शिलाई मशिनचं तेल घातलं: पातळ.
एरंडेल घातलं: दाट, आणि अख्ख्या दुकानाला
जुलाबाच्या रविवारचा वास.
मग दोन्ही, तीनास एक.
ड्रमला डायल लावला,
काटा अर्ध्या थौवर थरथरत होता,
तो निजेपर्यंत अण्णा जेवायला उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बॅटरी पेटलीच नाही.
इब्राहिमचाचा धावत खाली आले,
त्यांना वाटलं, पोर झोपली.

पंचवीस रुपये आणि बाल्कनीचे दोन पास.
आई आणि शेजारच्या इंदुवहिनी जाऊन आल्या.
साड्या छान होत्या म्हणाल्या,
मध्यंतरातली भजी थंड होती.
आवाजाबद्दल अक्षर नाही.
अण्णा भाकरी मोडता मोडता हसले,
आईला कळेना काय झालं.

टॉकीज पाडलं त्याला आता बरीच वर्षं झाली.
चाक मला जुन्या बाजारात सापडलं,
भंगाराच्या भावानं, वजनावर;
टॉवेल मात्र घरूनच न्यावा लागला.
आता ते खिडकीत असतं.
काल नातवानं फिरवलं,
मग तळहातानं दाबून धरलं.
"संपलं," म्हणाला.

मी म्हटलं, हात काढ.